फक्त बाह्य वापरासाठी

ताईंच्या बोटांना रेशीम अडकायला लागलं, त्याला वहिनी कारणीभूत होती. असं ताईंचं म्हणणं होतं, आणि वाईट म्हणजे ते खरं होतं.

ताई म्हणजे वहिनीची थोरली नणंद. चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि तिथेच कपडे शिवायच्या. वहिनी दुसऱ्या मजल्यावर. तिचा धाकटा दीर पूर्वी याच घरात राहायचा आणि तळमजल्यापासूनच "वहिनीऽ, भूक!" असं ओरडत जिना चढायचा. दीर नोकरीला लांब गेला, हाक मागे राहिली. आता सगळी इमारत तिला वहिनी म्हणते, तिच्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा, आणि खुद्द थोरल्या नणंदबाईही.

तर, इस्त्रीची वाफ, खडू आणि दिवसभर कापड हाताळणं यामुळे ताईंचे हात कोरडे पडायचे. म्हणून वहिनीने त्यांच्या वाढदिवसाला एक देखणी बाटली दिली. झाकणावर सोनेरी अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापलेलं. चार दिवसांत ताईंची बोटं लाल झाली, खाजायला लागली आणि मग उन्हात तापलेल्या गाळासारखी तडकली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात लोकरीचं मेण आहे. मेंढीच्या अंगावरचं. तुम्हाला ते सोसत नाही."

"तीस वर्षं लोकरीचे कोट शिवले मी," ताई घरी आल्यावर म्हणाल्या. "मेंढीने एवढी वर्षं थांबून असा सूड उगवावा? आणि तोही भावजयीच्या हातून?"

एरवी वहिनीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण ताईंच्या शिवणाच्या टेबलावर मोत्याच्या रंगाचं रेशीम पसरलेलं होतं आणि बावीस दिवसांनी ताईंच्या लेकीचं लग्न होतं. तो पोशाख आईनेच शिवायचा, असं लेक सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं. आणि ताईंनी कापडावरून बोट फिरवलं, की 'खर्र' असा आवाज होऊन एक धागा वर यायचा. तीन धागे वर आल्यावर ताईंनी रेशमावर चादर टाकली आणि त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ताईंना रिकाम्या हाताने बसलेलं वहिनीने कधी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी चिरा बुजायला औषध दिलं होतं. चिरा बुजल्यावर हात मऊ ठेवायला साधं मलम लावा म्हणाल्या, पण लोकरीचं मेण नको, वास नको, रंग नको. झाडापासून काढलेल्या मेणाचं चालेल. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी वही चाळली. "मागवावं लागेल. महिना धरा."

"महिन्याने लग्नाचा वाढदिवस येईल हो काका!" वहिनी म्हणाली आणि तिथल्या तिथे तिने जाहीर करून टाकलं, "त्यात काय एवढं? मेण आणि तेलच ना? मी करते घरी."

वहिनीच्या आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे 'त्यात काय एवढं' या तीन शब्दांनी सुरू झालेले आहेत. पण ते तिच्या कधी लक्षात राहत नाही, आणि राहिलं असतं तर निम्म्या गोष्टी झाल्याच नसत्या.

साबण करणाऱ्यांना सामान विकणाऱ्या एका दुकानातून तिने मेण आणलं. कुठल्याशा वाळवंटातल्या झुडपाच्या देठांवर ते उन्हापासून बचाव म्हणून येतं, अशी माहिती दुकानदाराने दिली. नाव कँडेलिला. वहिनीने स्वयंपाकघरातून नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, कँडेलिला आणलीय!"

"कोण लीला?" नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "जेवायला थांबणार आहे का?"

वहिनीचा स्वयंपाक इमारतीत नावाजलेला होता आणि तो सगळा अंदाजाने व्हायचा. तिच्याकडे मोजायचं म्हणून काही नव्हतंच. त्यामुळे तिने पदर खोचला आणि वाटीला वाटी असं प्रमाण धरलं. वाटीभर मेण, वाटीभर सूर्यफुलाचं तेल. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून दोन्ही वितळवलं, डब्यांत ओतलं. तासाभराने डब्यात बोट घालायला गेली तर नखच दुमडलं. चमचा वाकला. शेवटी नवऱ्याने हातोडी आणली, डबा फुटला, मलम शाबूत राहिलं.

"दार वाऱ्याने आपटतं ना, त्याला लावायला छान आहे," नवरा म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती.

दुसऱ्या दिवशी चिडून तिने मेण चिमूटभरच घातलं. मग डब्यात नुसतं तेल राहिलं आणि वर मेण सायीसारखं तरंगत बसलं. एव्हाना जिन्यात बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले होते. पहिल्या मजल्यावरून कापूर घालायचा सल्ला आला, तिसऱ्यावरून लवंगेच्या तेलाचा. सेक्रेटरींनी, म्हणजे इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी, लिंबू पिळायला सांगितलं आणि वर, "हे मी व्यक्तिशः सांगतोय, कमिटीतर्फे नाही," असा खुलासाही केला. कुणाचं मन मोडायला नको म्हणून वहिनीने सगळंच घातलं आणि तो डबा घेऊन ती मेडिकलवाल्या काकांकडे गेली.

काकांनी वास घेतला. डोळे पुसले. "वहिनी, हे दाढेला लावायचं आहे का हाताला?"

"सगळं नैसर्गिक आहे, काका."

"खाजकुइलीही नैसर्गिकच असते." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. गिऱ्हाईक नसलं की त्यांना समजावून सांगायला फार आवडे. "हे बघा, झाडाचं मेण बिचारं गरीब असतं. कातडीवर पातळ पडदा धरतं आणि आतली ओल आत ठेवतं, बाकी काही करत नाही. बहुतेकांना सोसतं. भांडणं लावतात ती ही वासाची तेलं आणि लिंबं. ती काढा. पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, नाहीतर बुरशी धरेल. भांडी कोरडी, डबे उकळून वाळवलेले. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला एवढंसं लावून दोन दिवस थांबायचं. लाल झालं, खाजलं, तर धुऊन टाकायचं. आणि डब्यावर लेबल लावा. औषधासारखं दिसतं, कुणी खाऊन बसेल. लिहा, फक्त बाह्य वापरासाठी."

हे शेवटचं वाक्य काका बोलले नसते, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तिसऱ्या खेपेला समोरच्या दारातले मास्तर मदतीला आले. मास्तरांनी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. "अंदाज?" ते भिंतीला टेकत म्हणाले. "वहिनी, रसायनशास्त्रात अंदाज?" ते घरी गेले आणि काचेच्या पेटीतला तराजू घेऊन आले. बरोबर चिमट्याने उचलायची वजनं. दुपारभर वहिनीच्या ओट्यावर प्रयोगशाळा चालली. वहिनी फुंकर मारायला गेली तर मास्तर ओरडले, "श्वास रोखा! तराजू हलतोय!" नवरा पाणी प्यायला आला, त्यालाही श्वास रोखून परत पाठवलं. शेवटी वजनाने एक भाग मेण आणि सात भाग तेल असं प्रमाण ठरलं.

आणि जमलं. गार झाल्यावर डब्यात पिवळसर, गुळगुळीत, मंद चकाकणारं मलम तयार झालं. बोट टेकवलं की बोटाच्या उबेने विरघळणारं. वहिनी बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिला स्वतःची मुलगी पहिल्यांदा बघतानासुद्धा इतका अभिमान वाटला नव्हता, कारण तेव्हा तिला ग्लानी होती.

सहा डबे झाले. सगळ्यांवर मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लेबलं लिहिली. एक वहिनीने स्वतःच्या कोपराला लावून बघितला, एक नवऱ्याच्या, एक मास्तरांना दिला, एक काकांना. सेक्रेटरींच्या टाचांना भेगा होत्या, म्हणून एक त्यांना. दोन दिवस कुणाच्या कोपराला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी सहावा डबा घेऊन चौथ्या मजल्यावर गेली.

ताईंच्या चिरा औषधाने बुजल्या होत्या, पण बोटं अजून कानशीसारखी खरखरीत होती. लग्नाला बारा दिवस उरलेले. ताईंनी डबा उचलला, लेबल वाचलं आणि परत वहिनीच्या हातात दिला.

"नको गं."

"ताई, मोजून केलंय. तराजूवर! मास्तरांना विचारा."

"मास्तरांवर माझा विश्वास आहे. तुझ्यावरही आहे." ताईंनी चादरीखालच्या रेशमाकडे पाहिलं. "पण वहिनी, मला तुझ्या मायेची भीती वाटते. परत हात लाल झाले तर मी ते कापड दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ का? सांग."

वहिनी डबा घेऊन खाली आली आणि भांडी घासायला लागली. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात धडधड आवाज झाला. वहिनीने दार उघडलं तर तिसऱ्या मजल्यावर वर्तमानपत्र आणायला गेलेले मास्तर तिथून दुसऱ्यावर येऊन बसलेले. येऊन म्हणजे घसरत. त्यांनी उतरताना नेहमीसारखा लाकडी कठडा धरला होता, आणि कठड्याने त्यांना धरायचं नाकारलं होतं.

"लागलं का हो मास्तर?"

"नाही." मास्तर शेवटच्या पायरीवर बसूनच कठड्याकडे बघत होते. त्यांचे डोळे चमकत होते. "घर्षण! वहिनी, या कठड्यावर घर्षण जवळजवळ शून्य आहे! छत्तीस वर्षं मुलांना फळ्यावर शिकवलं, आज पहिल्यांदा अनुभवलं!"

वहिनीने कठड्याला बोट लावलं. बोट गुळगुळीत. तिने वास घेतला. कापूर नाही, लवंग नाही. हे तर तिचंच मलम.

तेवढ्यात सेक्रेटरी वरून आले, कठडा न धरता, अगदी मधोमध पावलं टाकत. हातात रिकामा डबा आणि चेहऱ्यावर समाधान. "कसा चकाकतोय बघा! पहाटे उठून चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत चोळला. पुरवून पुरवून."

"अहो, ते तुमच्या टाचांसाठी होतं!"

"टाचांसाठी?" सेक्रेटरींनी लेबल पुढे केलं. "इथे स्पष्ट लिहिलंय. फक्त बाह्य वापरासाठी. मी नियमाचा माणूस आहे, वहिनी. मी तो डबा घरात नेलासुद्धा नाही. दाराबाहेर चपलांच्या फळीवर ठेवला होता. बाहेर वापरायचं म्हटल्यावर बाहेरच वापरलं!"

"म्हणजे अंगाच्या बाहेरून हो!"

"मग 'अंगाच्या' असं लिहायला हवं होतं."

मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "व्याकरणदृष्ट्या त्यांचं चूक नाही."

तासाभरात वहिनीच्या दाराखालून एक कागद सरकला. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपण निर्माण केलेल्या स्निग्ध पदार्थामुळे सामाईक जिन्याचा कठडा निसरडा झाला असून एक रहिवासी बसलेल्या स्थितीत एक मजला खाली आले आहेत. तरी याबाबत आपला लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा. तोपर्यंत सर्वांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरूनच ये-जा करावी.' खाली सही सेक्रेटरींची. शेवटचं वाक्य जिन्यातल्या फळ्यावरही खडूने लिहिलेलं.

वहिनी तरातरा वर गेली. "लावला तुम्ही, आणि खुलासा मी करायचा?"

"लावणारा कोण हा प्रश्न कमिटीपुढे नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बनवणारा कोण हा आहे. आणि हे बघा, व्यक्तिशः मला तुमच्याबद्दल आदरच आहे. तो नोटिशीत लिहिता येत नाही."

वहिनीने खुलासा लिहिला. पहिली प्रत रागाने, दुसरी दमून आणि तिसरी लिहिताना तिला इतकं हसू यायला लागलं की अक्षर वाचता येईना. कमिटीने दुपारीच ठराव केला की कठडा गरम साबणाच्या पाण्याने धुऊन द्यावा. मग वहिनी आणि तिचा नवरा चार मजल्यांचा कठडा घासायला लागले. नवरा प्रत्येक वळणावर थांबून म्हणायचा, "एवढीशी लीला, पण केवढा पसारा!"

वरून घासत तिसऱ्या मजल्यापर्यंत आले तेव्हा त्यांना ताई दिसल्या. बाजारातून परत येत होत्या. सकाळी जाताना आणि आता येताना, दोन्ही वेळा त्यांनी नोटिशीचं तंतोतंत पालन केलं होतं. पिशवी काखेत, आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट. तळापासून वरपर्यंत. त्यांनी आपले तळवे उलटे करून पाहिले. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत मलम चकाकत होतं.

"वहिनी," ताई सावकाश म्हणाल्या, "हे तेच आहे का?"

वहिनीच्या हातातला फडका बादलीत पडला. तिला एकदम मेंढी आठवली, ती सोनेरी अक्षरं आठवली, चादरीखालचं रेशीम आठवलं. "ताई, लगेच हात धुवा," ती कशीबशी म्हणाली.

"सकाळपासून लागलंय. आता धुऊन काय होणार?" ताई म्हणाल्या, तरी त्यांनी घरी जाऊन हात धुतले, आणि दार लावून घेतलं.

पुढचे दोन दिवस वहिनीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. साखर मागायच्या निमित्ताने ती वर गेली आणि ताईंच्या बोटांकडे बघून आली. मग तीच साखर परत करायला गेली. मग दाराबाहेरून तिने विचारलं, "ताई, खाजतंय का?"

"तू अजून एकदा विचारलंस तर खाजायला लागेल!" आतून आवाज आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वतः खाली आल्या. वहिनी पोळपाट धूत होती. ताईंनी दोन्ही हात ओट्यावर आडवे पसरले, तळवे वर. वहिनी वाकून बघायला लागली. लाल नाही. पुरळ नाही. आणि अंगठ्याजवळची ती कानशीसारखी कडा चक्क नरम पडलेली.

"आता ते डबडं दे," ताई म्हणाल्या.

वहिनीचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर पोळपाटही पडला. तिने डबा आणला, झाकण उघडलं आणि मग तिच्यासारख्या बाईने कधी करू नये अशी गोष्ट केली. तिने झाकण परत लावलं. "आधी काकांना विचारून येते."

मेडिकलवाल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं. कठड्याचं प्रकरण ऐकताना ते दोनदा पाणी प्यायले. "वहिनी, चाळीस माणसांनी हात लावलेला कठडा ही काही चाचणीची पद्धत नव्हे," ते म्हणाले. "कोपराला लावा. स्वच्छ डब्यातलं. दोन दिवस." वहिनीने ताईंना तसं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे ताईंनी वाद घातला नाही. दोन दिवस त्यांनी बाही दुमडून ठेवली आणि दिसेल त्याला कोपर दाखवला. कोपर शेवटपर्यंत शहाण्यासारखा वागला.

मग ताई रोज झोपताना मलम लावून सुती मोजे हातात घालायला लागल्या, सकाळी हात धुऊन कोरडे करायच्या. लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा चादर निघाली. चौथ्या मजल्यावरून यंत्राचा आवाज जिन्यात यायला लागला, आणि वहिनी कामं करताकरता मध्येच थांबून तो ऐकायची. मध्ये आवाज बंद झाला की तिचा श्वास बंद व्हायचा. तराजू नसतानाही.

कमिटीच्या इतिवृत्तात, जाता जाता सांगायला हवं, 'जिन्याच्या कठड्याचे सुशोभीकरण सेक्रेटरींच्या पुढाकाराने पूर्ण' अशी नोंद झाली. कारण धुतल्यावरही कठडा पूर्वीपेक्षा चांगला दिसत होता. वहिनीने त्यावर हरकत घेतली नाही. खुलाशाच्या तीन प्रती पुन्हा कोण लिहिणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वरून हाक आली. "वहिनीऽ! हात धुऊन ये!"

वहिनी दोन-दोन पायऱ्या चढत गेली. पोशाख टेबलावर पसरलेला, खोलीभर मोत्यासारखा उजेड. फक्त खालच्या घेराची हातशिलाई राहिली होती. ताईंनी तिचे ओले हात पंच्याने टिपले आणि रेशमाचं टोक तिच्या चिमटीत दिलं. "इथे धर. ताणून. हलायचं नाही. भाचीच्या लग्नात एक टाका तिरका गेला तर मी जबाबदार कुणाला धरीन, माहितीये ना?"

"मला," वहिनी म्हणाली.

घेर खूप मोठा होता. ताईंची सुई टुचूक टुचूक चालत होती, आणि प्रत्येक टाक्याआधी त्यांचं बोट कापडावरून फिरत होतं. आवाज काहीही नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वहिनीचा एक पाय झोपला. खालून नवऱ्याने, "दूध उतू जातंय का?" असं विचारलं, तरी तिने ओ दिली नाही. दूध गेलं तर गेलं. मग तिच्या नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली. तिने नाक आक्रसलं, फेंदारलं, वरच्या ओठाने पोचायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय?" ताई मान वर न करता म्हणाल्या.

"नाही हो. नाक खाजतंय."

ताईंनी सुई रेशमात टोचून ठेवली. चष्म्यावरून वहिनीकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि तर्जनीने वहिनीच्या नाकाचा शेंडा हळूच खाजवला. बोट ताज्या लोण्यासारखं मऊ होतं.

"झालं?"

"थोडं डावीकडे," वहिनी म्हणाली. खाज केव्हाच थांबली होती.